खाली कोण राहतं?

हॉक्सडेन, ४ मार्च

हेदर,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. आई गेल्यापासून सात वर्षं नाताळच्या कार्डावर मी नुसतं ‘ग्लेनिसकडून’ लिहून पाठवतेय आणि तूही नुसतं ‘हेदरकडून’. सख्ख्या बहिणी आपण, आणि कार्डं बँकेनं पाठवल्यासारखी. तेव्हा आज एकदम लाडात येत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बातमी सांगायला लिहितेय, आणि ती वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी घर घेतेय.

हो, मीच. आईच्या अंत्यविधीनंतर सगळे नातेवाईक हॅमची सँडविचं खात बसले होते, तेव्हा त्यांच्यासमोर तू जिच्याबद्दल म्हणालीस, “ग्लेनिस आणि घर? अहो, तिला चहाची किटली धड निवडता येत नाही! कागद वाचायचा कंटाळा. भाड्याच्या घरातच जन्म जाणार तिचा.” तीच मी. सगळे हसले होते. मॉली आत्याला तर ठसका लागला होता.

लार्क टेरेस, नंबर नऊ. लहानपणी बर्फ पडला की आपण घसरायला त्या चढावर स्लेज घेऊन जायचो, ती घरांची ओळ. वरच्या रस्त्यावरून दार उघडलं की वरचं घर, आणि त्याच्याच पोटात, खालच्या रस्त्यावरून शिरायचं ते दुसऱ्याचं घर. त्यातलं वरचं मी घेतेय. क्रॅबट्री म्हातारा विकतोय, मुलीकडे समुद्रकाठी राहायला जातोय. घर म्हणजे काही राजवाडा नाही. पण मागे स्वयंपाकघर आहे, आणि त्याच्या खिडकीतून अख्खी दरी दिसते. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म मी पांढऱ्या भिंतीकडे बघत बटाटे उकडले, हेदर. त्या खिडकीसमोर उभी राहिले आणि दरीतली घरं मोजत राहिले.

घाई अशासाठी की माझा घरमालक आता जागा विकतोय. ऑगस्टअखेर बाहेर पडायचंय. हे घर हुकलं तर ट्रेव्हर गेल्यावर या विधवेच्या हाती राहिलेल्या पुंजीत इथं दुसरं काही बसत नाही. मग स्विंडनला गॅरेथकडे, त्याच्या व्यायामाच्या सायकलशेजारी माझा पलंग. मुलगा गुणाचा आहे, पण सून माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलते, मी परदेशी असल्यासारखी.

आता वकील शोधायचाय. सगळं गाव म्हणतं, “अगं, तुझी बहीण हेच काम करते की!” मी सांगते, त्यापेक्षा मी बटाट्याच्या सालीवर सही करीन.

ग्लेनिस


हॉक्सडेन, १९ मार्च

हेदर,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. तरी टपालवाला आला की दारात जात होते, हे लिहून गेले आहे आणि आता खोडत नाही.

वकील निवडला. कसा, ते ऐक.

आधी घरांचा एजंट, ब्रॅडली. टोकदार बूट, मोजे नाहीत, मार्चमध्ये! म्हणाला, “ग्लेनिस, वकील आमचे ठरलेले आहेत. तुम्ही अजिबात डोकं लावायचं नाही.” मी म्हटलं, “बाळा, लावायचं नसेल तर मी ते रोज विंचरते कशाला?” तरी त्यानं दिलेल्या नंबरवर फोन केला. बराच वेळ फोनात नुसता पियानो वाजत राहिला. मग एक गोड पोरगी आली, पुढच्या वेळी दुसरीच, तिसऱ्या वेळी तिसरी. एकीनं विचारलं, “हॉक्सडेन म्हणजे नक्की कुठं हो?” उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. मग मी ब्रॅडलीला सरळच विचारलं, “मी त्यांच्याकडे गेले तर तुला काय मिळतं?” तो लाल झाला आणि म्हणाला, “थोडंसं.” म्हणजे माझा वकील ब्रॅडलीच्या मर्जीतला, आणि ब्रॅडलीला घाई घर खपवायची. माझ्या बाजूनं कोण मग? मीच.

दुसरा हॅलिफॅक्सचा. काचेची कचेरी, बिस्किटं उत्तम. मी विचारलं, “काही वाईट निघालं तर मला फोन कोण करणार?” म्हणाला, “आमची टीम.” मी म्हटलं, “टीमचं नाव काय?” तो हसला. नाव काही सांगितलं नाही. बिस्किट मी पर्समध्ये टाकलं आणि उठले.

तिसरी मिस बॅरक्लाफ. हो, तुझीच! खाटकाच्या दुकानावरची. जिच्या हाताखाली तू वकिली शिकलीस आणि रोज संध्याकाळी येऊन आईजवळ रडायचीस, “ती बाई एकेक पत्र मला तीनतीनदा लिहायला लावते!” दर नाताळात निवृत्त होते आणि जानेवारीत परत खुर्चीत. खरं सांगू? पहिल्यांदा गेले ती तुला खिजवायलाच.

तिनं घराचा फोटो हातात घेतला आणि मला एकच विचारलं, “खाली कोण राहतं?”

मी म्हटलं, “कोण जाणे.”

“जमिनीवर घर घेणाऱ्यानं शेजारी बघावा, घरावर घर घेणाऱ्यानं खालचा बघावा. तुमची जमीन म्हणजे त्याचं छप्पर, बाई. आधी जाऊन भेटून या.”

बाकी दोघांनी मला कर्ज विचारलं, वय विचारलं, ई-मेल विचारला. खाली कोण, हे कुणीच नाही. आमच्या शाळेत आरोग्य खात्याचे तपासनीस येतात ना, त्यातला जो फ्रीज उघडतो तो तपासनीस. बाकीचे चहाला आलेले असतात. या बाईनं फ्रीज उघडला.

फोन कोण करणार, हेही विचारलं. म्हणाली, “मी. चांगली बातमी आमची डोरीन कळवते. वाईट असली की मी स्वतः.”

तिथल्या तिथं हो म्हणून आले. किटली नव्हे हेदर, वकील निवडला मी.

ग्लेनिस


हॉक्सडेन, ७ एप्रिल

हेदर,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. नाताळच्या चॉकलेटच्या रिकाम्या डब्यात पडणार आहे. कारण तुला माहीत आहेच.

आज मिस बॅरक्लाफनं चष्मा खाली करून विचारलं, “क्रॅबट्रींच्या बाजूनं वकील कोण आहे, कळलं का?” आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तुझं नाव! साऱ्या यॉर्कशायरमध्ये म्हाताऱ्याला दुसरं कुणी मिळालं नाही.

“यापुढे तिला पत्र लिहायचं नाही,” मिस बॅरक्लाफ म्हणाली. “ताबा मिळेपर्यंत जे काही असेल ते माझ्यामार्फत. भेटही नको, फोनही नको.”

मी म्हटलं, “सात वर्षांची सवय आहे, जड जाणार नाही.”

ती हसली नाही. म्हणाली, “तुमची बहीण पत्र उत्तम लिहिते. मी शिकवलंय.” पण लिहायची सवय लागलीय ना मला आता. तिनं पाठवायची बंदी केलीय, लिहायची नाही.

खालच्या घरी जाऊन आले. लिंबाचा केक घेऊन गेले होते. डेस्मंड हेलिवेल, गावच्या ब्रास बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवतो. एकटा जीव. दार उघडून म्हणाला, “तक्रार असेल तर मंगळवारी या, मंगळवारी मला काही ऐकू येत नाही, सराव असतो.” मी म्हटलं, “तक्रार नाही, केक आहे.” मग काय! दोन तास बसले. त्याच्या छतावर ओल नाही, भिंतीला तडा नाही, आणि माणूस सोन्यासारखा. मिस बॅरक्लाफला सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं, केकसुद्धा.

ग्लेनिस


हॉक्सडेन, १६ मे

हेदर,

लाज नाही वाटत तुला?

आज बाजारात मासेवाल्याच्या गाडीपाशी मी उभी, आणि माझ्यापुढे तू. पाठीवरूनच ओळखलं मी. खांदे अगदी आईचे. तू मागे वळलीस, मला पाहिलंस. मी बोलणार नव्हते, मला मनाई आहे. पण मान हलवायला मनाई नव्हती, आणि मी ती हलवली. आणि तू? कागदात गुंडाळलेला हॅडक मासेवाल्याच्या हातात, पैसे दिलेले, तो तसाच टाकून तू रस्ता ओलांडून तरातरा निघून गेलीस! मासेवाला ओरडतोय, “मॅडम, मासा! मासा!” सगळा बाजार माझ्याकडे बघतोय.

मासा मी घेतला नाही. घरी येऊन टोस्ट खाल्ला आणि रडले. रागानं रडले, गैरसमज नको.

ग्लेनिस


हॉक्सडेन, २३ जून

हेदर,

आज फोन वाजला आणि आवाज मिस बॅरक्लाफचा, डोरीनचा नाही. म्हणजे वाईटच.

गेले. तिनं नऊ नंबरचा सरकारी नकाशा टेबलावर पसरला. घराभोवती लाल रेघ असते ना, मालकीची. म्हणाली, “तुमचं स्वयंपाकघर कुठं आहे, बोट ठेवून दाखवा.” मी दाखवलं. बोट लाल रेघेच्या बाहेर.

कधीकाळी कुणीतरी ते स्वयंपाकघर खालच्या घराच्या धुण्याच्या खोलीवर चढवलंय. खालची जमीन हेलिवेलची, म्हणून कागदोपत्री वरचं स्वयंपाकघरही हेलिवेलचं. क्रॅबट्रीनं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात अंडी उकडली आणि त्याला पत्ता नाही. मी घेत होते ते घर होतं दोन खोल्यांचं, बिनचुलीचं. आणि बिनखिडकीचं, हेदर.

त्यात ब्रॅडलीचा फोन. “लीड्सचं गिऱ्हाईक आलंय, रोख देतंय, जास्त देतंय. शुक्रवारपर्यंत करार झाले नाहीत तर क्रॅबट्री त्याला देणार.” तुला काय सांगायचं, या देशात करार एकमेकांच्या हाती पडेपर्यंत विकणारा केव्हाही फिरू शकतो, तेही हसत हसत. गॅरेथ म्हणाला, “आई, सही करून टाक. शंभर वर्षं उभं आहे ते, आता कुठं पळून जाणार?” मलाही तेच वाटलं. मिस बॅरक्लाफला मी म्हटलंसुद्धा, “जाऊ द्या ना. हेलिवेल भला माणूस आहे.”

“हेलिवेल भला आहे,” ती म्हणाली. “पण त्याच्यामागून त्या घरात कोण येईल, ते तुम्हाला माहीत आहे का? तो वर येऊन म्हणाला, बाई, ही चूल माझी, तर तुम्ही त्याला केक द्याल की कोर्टात जाल? घर तुमचं, निर्णयही तुमचा. सही करायची तर पेन हे घ्या. मी सांगायचं ते सांगितलं.”

पेन हातात घेतलं होतं मी. खोटं नाही सांगत. स्विंडनची ती सायकल डोळ्यांसमोर आली. मग वाटलं, ही बाई मी तीन जणांतून पारखून घेतली ती कशासाठी? गोड वाटेल तेवढं ऐकायला? त्याला पियानोवाले होतेच की.

पेन ठेवलं. तिथूनच ब्रॅडलीला फोन लावला. “शुक्रवारी सही नाही. आधी स्वयंपाकघर माझ्या नावाच्या घरात येऊ दे. लीड्सवाल्याला द्यायचं तर खुशाल द्या, पण त्यालाही विचारा, जेवायला कुठं जाणार?”

फोन ठेवला, तर डोरीननं न विचारताच मला पाणी आणून दिलं. हे घर गेलं तर मीच घालवलं, हेदर. आणि तू पलीकडे बसून हसत असशील.

ग्लेनिस


हॉक्सडेन, १४ जुलै

हेदर,

मिळालं! मिळालं, मिळालं!

नीट सांगते. हेलिवेलकडे मी स्वतः गेले, हातात नकाशा. त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि मोठ्यांदा म्हणाला, “म्हणजे वरचं स्वयंपाकघर माझं? आणि मी मूर्ख इतकी वर्षं खाली बसून गार टोस्ट खातोय!” पाच मिनिटं हसत होता. मग म्हणाला, “तुमचं तुम्ही घ्या. मला काय करायचंय, मला वर जायला जिना तरी आहे का? फक्त एक अट. मंगळवारच्या सरावाबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही.” मी म्हटलं, “मी वरून पायानं ताल धरीन.” पैसे विचारले नाहीत त्यानं. मिस बॅरक्लाफनं मात्र त्याला स्वतःचा वेगळा वकील घ्यायला लावला आणि मगच सही घेतली. म्हणे, भल्या माणसाचं नुकसान करणं सगळ्यात सोपं असतं.

पण क्रॅबट्री थांबला कसा, हे मला कळत नव्हतं. आज ब्रॅडलीनं कुरकुरत सांगितलं. “त्यांच्या वकीलबाईंनीच अडवलं हो! म्हणाल्या, हे भोक या बाईच्या वकिलानं पाहिलं, लीड्सवाल्याचाही पाहील, तो नाही तर त्यापुढचा पाहील. आत्ता बुजवा, नाहीतर घर जन्मभर विकत बसाल. क्रॅबट्री टेबलावर हात आपटत होते आणि बाई कागद वाचत बसल्या होत्या.”

ती तू होतीस.

तू तुझ्या गिऱ्हाइकाचं हित पाहिलंस, माझ्यावर उपकार केले नाहीस, हे मला समजतं. तरी तुझ्यावर राग धरून ठेवणं आज दुपारपासून जरा कठीण जातंय. प्रयत्न करतेय.

करार झाले! आता कुणाचा बाप फिरू शकत नाही. डोरीनचा फोन शाळेतच आला. मी हातातली डाव वर फेकली आणि ओरडले, आणि आमच्या सगळ्या बायकांनी पातेल्यांवर पळ्या बडवल्या. मुख्याध्यापक धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

ग्लेनिस


लार्क टेरेस ९, हॉक्सडेन, १९ ऑगस्ट

हेदर,

वरचा पत्ता पुन्हा एकदा वाच. मीही लिहून तीनदा वाचला.

तू डबा मागितलास, तो या पत्रासोबत देतेय. आत जे आहे ते आहे, बाजारातल्या माशाचं जरा सांभाळून वाच. काल तू इथंच होतीस, तरी माझ्या बाजूनं लिहून डबा पुरा करते. अर्धवट कागद मिस बॅरक्लाफला खपत नाहीत.

काल सामानाची गाडी रस्त्यावर उभी, मी ब्रॅडलीच्या कचेरीत बसलेली, आणि पैसे पोचल्याशिवाय तो किल्ली देईना. मग फोन. मिस बॅरक्लाफ स्वतः! म्हटलं, “आता काय वाईट?”

“काही नाही,” ती म्हणाली. “ही चांगली बातमी मला स्वतःला सांगायची होती. पैसे पोचले. घर तुमचं झालं, स्वयंपाकघरासकट.”

चढ मी धावत चढले, या वयात. आणि नऊ नंबरच्या पायरीवर तू. एका हातात ओला कागद, दुसऱ्या हातात खोकं. सात वर्षांनी तुझा पहिला शब्द काय, तर, “ताबा झाला ना? फोन आला ना तुला?”

“आला,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की!”

“मग बोलते,” म्हणालीस, आणि जी सुरू झालीस! माझं पहिलं पत्र हाती पडलं त्याच दिवशी तू क्रॅबट्रीकडे गेली होतीस. घेणारी माझी बहीण आहे, दुसरा वकील करा, असं तूच त्याला सांगितलंस. आणि म्हाताऱ्यानं विचारलं, “बोलता का एकमेकींशी?” तू म्हणालीस, “सात वर्षं नाही.” तो म्हणाला, “मग तुमच्याइतका भरवशाचा वकील मला कोण मिळणार? फक्त शब्द द्या, घर विकून होईपर्यंत तिच्याशी एक अक्षर बोलणार नाही.” आणि तू शब्द दिलास.

“बाजारात तू मान हलवलीस ना,” तू म्हणालीस, “आणखी एक क्षण थांबले असते तर शब्द मोडला असता, गं. म्हणून पळाले. त्या दिवशी तुझ्यापायी उपाशी झोपले मी.” आणि तो ओला कागद माझ्या हातात कोंबलास. हॅडक! आणि आपण दोघी रस्त्यात उभ्या राहून लहान पोरींसारख्या रडलो. सामानवाले टोप्या काढून उभे. त्यांना वाटलं कुणी गेलं.

दार मी उघडलं. किल्ली पहिल्यांदा उलटी घातली हे कुणाला सांगू नकोस. तू थेट स्वयंपाकघरात गेलीस आणि खिडकीपुढे उभी राहिलीस. मग वळून म्हणालीस, “मिस बॅरक्लाफ तू निवडलीस हे वाचलं, तेव्हा मला घाम फुटला होता. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे! पण मनात म्हटलं, ग्लेनिसचं घर आता कुणी बुडवू शकत नाही.” आणि म्हणालीस, “सँडविचांच्या दिवशी जे बोलले ते चूक बोलले मी.” हे तू माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी, तुझ्या तोंडानं बोललीस. तारीख वर घातली आहे, साक्षीला दरी आहे.

मग तू खोकं उघडलंस. नवी कोरी किटली. “पहिला चहा यात,” म्हणालीस. माझी गाडीत सामानाच्या तळाशी गेलेली, म्हणून घेतली. पाणी उकळलं, मी कपात ओतायला गेले, आणि अर्धं पाणी तोटीखालून गळत थेट ओट्यावर! ओट्यावरून माझ्या पायावर!

मी किटली खाली ठेवली. सात वर्षं वाट पाहिली होती या वाक्याची, आणि देवानं ते आयतं हातात दिलं.

“हेदर,” मी म्हटलं, “तुला चहाची किटली धड निवडता येत नाही.”

तू ओट्याला धरून खाली बसलीस हसता हसता. आणि त्याच क्षणी जमिनीखालून भोंगा सुरू झाला, वार मंगळवार. कपबशा थडथडायला लागल्या. तू घाबरून विचारलंस, “हे काय? खाली कोण राहतं?”

मी म्हटलं, “वकील असून इतक्या उशिरा विचारतेस?”

रविवारी जेवायला ये. किटली परत करून बदलून आण, पावती असेलच तुझ्याकडे. नसली तरी ये.

प्रेम,
ग्लेनिस

(हो, ‘प्रेम’ लिहिलंय. पुन्हा वाच. कागद वाचायचाच तर पगार घेतेस.)